मैनाचं लुगडं

गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर परवा काळी कुसळं दिसली. झटकायला गेले तर ती बोटाखाली चुरडून आणखीच पसरली आणि चादर पुन्हा भिजवावी लागली. ही कारखान्याच्या चिमणीतून उडणारी राख. ऊस गाळायला सुरुवात झाली की वारा नेईल तिकडच्या बायकांच्या शिव्या खात ती गावोगाव फिरते. आम्ही वडगाव निंबाळकर सोडून बारामतीत फ्लॅटमध्ये राहायला आलो, शेत वाट्यानं दिलं, उसाशी आता माझा संबंध चहातल्या साखरेपुरता, आणि तीही डॉक्टरांनी बंद केलेली. तरी राख बरोबर घर शोधत येते. मी चिडले, बडबडले, चादर बादलीत बुडवली आणि हात तसेच पाण्यात ठेवून बसून राहिले.

कारण मला आठवला तो नव्वदच्या दशकातला हंगाम, ज्यात आमच्या घरानं माझ्या सासूबाईंच्या पायाच्या ऑपरेशनची तयारी केली. इतकी नेटकी तयारी आम्ही लग्नकार्याचीही कधी केली नव्हती. आणि त्या नेटकेपणाचंच मला आजवर वाईट वाटतं.

हंगामात आमच्या गावाला एक वेगळाच वास यायचा. उसाच्या मळीचा, आंबूस, गोड. नव्या माणसाला मळमळेल, जुन्याला तो आला नाही तर चुकल्यासारखं होईल. पहाटे धुकं असायचं आणि धुक्यातून ट्रॅक्टर नुसते ऐकू यायचे. आधी गाणं, मग इंजिन, मग कुरकुरणाऱ्या दोन ट्रॉल्या. रस्त्यावर सांडलेला ऊस उचलायला शाळेची पोरं टपलेली. ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांमधून धूर निघायचा आणि त्यांच्या बायका उसाच्या शेंड्यांचे हिरवे भारे, म्हणजे वाढं, दारोदार विकायला आणायच्या. वाढं आलं की गोठ्यातली जनावरं खूश. मला मात्र त्या पानांची धार हाताला कापायची आणि मी हात चोखत उभी राहायचे. आत्याबाई म्हणायच्या, कंपनीतली पोरगी ती, हिला गवतसुद्धा वळखत न्हाय.

आत्याबाई म्हणजे सासूबाई. आणि कंपनीतली पोरगी म्हणजे मी, नंदा. माझे वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. क्वार्टर, नळाचं पाणी, भोंग्यावर चालणारा दिवस. दूध गवळी दारात आणून द्यायचा, ते कुठून येतं याची चौकशी आम्ही कधी केली नाही. अशी मी वडगावात मातीच्या अंगणात येऊन पडले. इथं सासऱ्यांच्या वडलांच्या काळापर्यंत मेंढरं होती. मेंढरं गेली, बागायत आली, तरी जितराबाची माया घरातून गेली नव्हती. आत्याबाईंच्यात तर ती जरा जास्तच उरली होती. माणसांशी त्या मोजकं बोलायच्या. म्हशीशी मात्र तोंडाला खळ नसायचा.

म्हशीचं नाव मैना. शिंगं खांद्यामागं पार पाठीपर्यंत गेलेली, रंग तव्यासारखा, आणि नाव मैना. मी नवी असताना ह्या नावाला हसले होते आणि आत्याबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

त्यांचा पाय माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मोडला होता. डोक्यावर कडवळाचा भारा घेऊन पाट ओलांडताना शेवाळावरून पाय सटकला आणि घोटा आतल्या आत फिरला. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून त्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायच्या. एक पाय टेकल्याचा आवाज यायचा, दुसरा घासल्याचा. घरात कुठल्या खोलीत आत्याबाई आहेत हे आम्हाला न बघता कळायचं. संध्याकाळी त्या घोटा गरम विटेनं शेकत बसायच्या आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, म्हशीची शिंगं म्हशीला जड न्हायती.

शेवटी शिंगं जड झाली. त्या वर्षी दिवाळीत त्या सोप्यातून स्वयंपाकघरात भिंतीला धरून जायला लागल्या. आमच्या ह्यांनी त्यांना बारामतीला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की सांधा पार झिजलाय, ऑपरेशन करून तो कायमचा पक्का करावा लागेल. दुखणं थांबेल, पाऊल सरळ पडेल, पण घोटा वाकणार नाही. तीन महिने प्लास्टर, आणि तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही. थंडीत जखम चांगली भरते, तेव्हा उशीर करू नका. आम्ही सगळे माना डोलावत होतो. आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला, की घोटा वाकला नाही तर म्हशीखाली उकिडवं कसं बसायचं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, एखादं बुटकं स्टूल घ्या की, आजी.

ते हसण्यावारी बोलले असतील. आत्याबाईंनी ते गाठीला बांधलं. घरी आल्यावर बाकी कशाची तयारी सुरू व्हायच्या आधी त्यांनी सुताराला बोलावून बाभळीचं स्टूल करायला सांगितलं, आणि ते झाल्यावर गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवलं. आपण परत आल्यावर लागेल म्हणून. आम्ही सगळ्यांनी मिळून जी तयारी केली, ती त्या जाण्याची होती. परत येण्याची तयारी म्हणून त्या घरात एवढं एकच स्टूल होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग घराला तयारीचा जोर चढला. बाजेची सुतळी ओढून ताठ केली. बाज चुलीजवळ लावायची की दाराजवळ यावर दोन दिवस वाद झाला. परसाकडं जायचं काय, हा मोठा प्रश्न, कारण आमच्याकडं तेव्हा सगळे बाहेरच जात. ह्यांनी कुठूनशी एक जुनी लाकडी खुर्ची आणून तिच्या बैठकीला भोक पाडून घेतलं. आत्याबाईंनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ह्यात तुळस लावायची का? तात्या, म्हणजे माझे सासरे, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. डाळी निवडून झाल्या, शेंगा फोडून झाल्या, वाकळा उन्हात पडल्या. कुठल्या मडक्यात काय आहे, कुठल्या फडक्यात बियाणं बांधलंय, कुणाकडं विरजण मागायचं नाही आणि का नाही, हे सगळं आत्याबाईंनी मला भिंतीला टेकून बसून सांगितलं. तात्यांना त्यांनी चहा करायला शिकवला. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरला नव्हता तो चुलीपुढं बसून दूध उतू जातंय का ते डोळे ताणून बघतोय, हे दृश्य बघायला शेजारच्या बायका निमित्त काढून येऊ लागल्या. हे कारखान्यात वजनकाट्यावर होते. हंगामात तिथं रजा मागायची पद्धत नव्हती, म्हणून ते पाळीवरून येऊन स्वतःचं अंथरूण स्वतः घालायला शिकले. घरात एकप्रकारचा उत्सवच होता. दुखणारा पाय कोपऱ्यात बसून तो उत्सव चालवत होता.

अडलं फक्त मैनापाशी.

मैनाचं रेडकू आषाढात दगावलं होतं. तेव्हापासून ती आत्याबाईंशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरायची, आणि चरवीवर लाथ मारायची ती वेगळीच. तात्यांनी सरळ हिशोब मांडला, की बारामतीच्या बाजारात नेऊन विकून टाकू, बाई बरी झाल्यावर दुसरी बघू. त्यावर आत्याबाई इतकंच म्हणाल्या, "मैना इकली तर मी आपरेशन करत न्हाय. लंगडीच मरीन." त्या रागानं बोलल्या नव्हत्या, म्हणून सगळे घाबरले. तारीख तर ठरून गेली होती. तेव्हा एकच वाट राहिली. मैनानं मला पत्करायचं.

मी नाही म्हटलं. मग माझ्या डोळ्यांसमोर त्या भिंतीला धरून चुलीपर्यंत गेल्या, आणि मी हो म्हटलं.

आत्याबाईंनी ट्रंकेतून नाही, अंगावरचंच रोजचं लुगडं उतरवलं. हिरवट, बारीक चौकड्याचं, गोठ्यात मळलेलं. ते धुवायचं नाही अशी ताकीद होती. मी गोल साडीवाली. नऊवारीचा कासोटा मला काही केल्या बसेना. त्यांनी मला लहान मुलीसारखं पुढ्यात उभं करून नेसवलं, दोनदा सोडून पुन्हा नेसवलं. त्या लुगड्याला पेंडीचा, शेणाचा, धुराचा आणि त्यांचा असा वास होता. त्या दिवसापासून घरात त्याला मैनाचं लुगडं म्हणायला लागले.

पहिले काही दिवस मी ते नेसून नुसती शेजारी बसायचे आणि त्या धार काढायच्या. मग दोन सड त्यांच्या हातात, दोन माझ्या. माझी बोटं आखडून जायची, दुधाची धार चरवीत पडायच्या ऐवजी माझ्याच मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायची. मैना मान वळवून माझ्याकडं बघायची. तिच्या त्या नजरेत जे होतं ते मी आधी फक्त लहानपणी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या नजरेत बघितलं होतं. मग आत्याबाई तिच्या तोंडापाशी उभ्या राहिल्या आणि खाली मी एकटी. मग त्या गोठ्याच्या भिंतीमागं गेल्या आणि तिथून बोलत राहिल्या. तात्या म्हणाले, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण मैना तो आवाज ऐकून पान्हा सोडायची, हे खरं.

"आता तू बोल," एके दिवशी त्या म्हणाल्या.

मी बोलले. ये मैना, उभी राहा, शहाणी आहेस ना. मैनानं लाथ झाडली.

"आगं, ती काय मास्तरीण हाय का? आपलं बोल तिच्याशी."

असं मी त्यांचं बोलणं शिकले. गावात येऊन वर्षं झाली होती, पण माझ्या तोंडात वालचंदनगरच्या शाळेचंच मराठी होतं. ते पहिल्यांदा मोडलं ते म्हशीपुढं. व्हय गं बया, हाय मी हितंच, कुठं जातिया मी. हे त्यांचे शब्द, त्यांच्याच सुरात, थोडे नाकात. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग एका संध्याकाळी बोलता बोलता हाताखालची कास मऊ पडली, भरून आली, आणि धार सरळ चरवीत वाजली. मी दचकून वर बघितलं तर भिंतीमागं आत्याबाई नव्हत्याच. त्या केव्हाच आत निघून गेल्या होत्या आणि मला कळलंही नव्हतं.

मी भरली चरवी घेऊन धावत घरात गेले. त्या बाजेवर बसून घोटा चोळत होत्या. चरवीत डोकावून म्हणाल्या, "झालं. आता मी मोकळी." त्या हसल्या म्हणून मीही हसले. मोकळी म्हणजे काय, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

ऑपरेशन बारामतीला झालं, चांगलं झालं. ठरल्याप्रमाणं त्या घरीच यायच्या होत्या. बाज ताठ होती, भोकाची खुर्ची तयार होती. पण दवाखान्यात माझ्या नणंदबाई आल्या. त्या इंदापूरला दिलेल्या. त्यांचं घर पक्कं, संडास घरातच. प्लास्टरचा पाय घेऊन त्या खुर्चीवर आईची परवड कशाला, असं त्या म्हणाल्या आणि ते सगळ्यांना पटलं. कुणालाही पटावं असंच होतं. आत्याबाईंना पटलं नाही. "लेकीच्या दारात पानी प्यायला बरं वाटतं, ऱ्हायाला न्हाय," त्या म्हणाल्या. पण त्यांना उचलूनच न्यायचं होतं, आणि ज्याला उचलून न्यायचं असतं त्याला कुठं जायचंय हे कोण विचारतो? जीप वडगावकडं वळलीच नाही, सरळ इंदापूरला गेली.

मधे एकदा मी एसटीनं त्यांना भेटायला गेले. नणंदबाईंच्या घरात उजनीच्या पाण्यावरून येणारा गार वारा खिडकीतून आत येत होता. आत्याबाई त्या खिडकीशी, उशीवर पाय ठेवून. जावयाच्या घरात त्या कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत, मलाही त्यांनी हळूच विचारलं, मैना कशी आहे. मी उत्साहानं सांगितलं की आता काही त्रास देत नाही, मी गोठ्यात पाय टाकला की हंबरते, बसायच्या आत पान्हा सोडते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी जरा वाढवूनच सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्या हातची सायीची वडी त्यांनी उशापाशी ठेवली, खाल्ली नाही. परतीच्या एसटीत मला वाटलं की प्लास्टरनं कंटाळल्या असतील.

होळी होऊन गेल्यावर त्या घरी आल्या. अंगणात उतरल्या आणि चालल्या. सरळ. दोन्ही पावलं सारखी, घासल्याचा आवाज नाही. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयाबाया बघायला आल्या, डॉक्टरांना दुवा दिला, कुणी नारळ ओवाळून टाकला. मला मात्र पहिले काही दिवस त्यांचं असणं ऐकू यायचं नाही. त्या अचानक मागं उभ्या असायच्या.

पहाटे त्या उठून चुलीपाशी जायच्या तर तात्यांचा चहा होऊन गेलेला असायचा. डाळीच्या मडक्यांची जागा मी माझ्या उंचीच्या सोयीनं बदलली होती. ह्यांचं अंथरूण घडी होऊन कोपऱ्यात. विरजण नको त्याच घरून येत होतं आणि चांगलं लागत होतं. बसा हो, आराम करा, असं आम्ही सगळे दिवसभर म्हणायचो. प्रेमानंच म्हणायचो. त्यांच्यावाचून कसं चालायचं हे त्यांनी घराला शिकवलं होतं. त्यांच्यासकट पुन्हा कसं चालायचं, हे घराला शिकवायचं कुणालाच सुचलं नाही. यात चूक कुणाची म्हणून शोधायला गेले तर ती सापडत नाही. कुणाची तरी सापडती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते.

त्या पायाचं पुढं उत्तम झालं, हेही सांगायला हवं. त्या होत्या तोवर घोटा कधी दुखला नाही. गावातल्या दोन-तीन लंगड्या बायका त्यांना बघून ऑपरेशनला तयार झाल्या. मैना आणखी एका वेतानंतर आटली. आणि ते बाभळीचं स्टूल गोठ्यातून स्वयंपाकघराच्या दाराशी आलं. त्यावर बसून त्या लसूण सोलायच्या, गहू निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ पाऊल दाखवायच्या. सुखात होत्या, असं कुणीही म्हणेल.

पण गोठ्यात त्या परत गेल्या होत्या. आल्या दिवशी संध्याकाळीच. खुंटीवरचं स्टूल काढलं, पदरानं पुसलं, मैनाशेजारी मांडलं आणि पाय लांब सोडून बसल्या. तोंडानं चाललेलंच होतं, व्हय गं बया, हाय मी हितंच. मैनानं मान वळवली, त्यांचा हात हुंगला. अंगावर नवं लुगडं होतं, लेकीनं नेसवून पाठवलेलं, साबणाच्या वासाचं. पायाला मलम. मैनानं मान परत गव्हाणीत घातली आणि वाढं खायला लागली. कास घट्टच राहिली. आत्याबाई म्हणाल्या, इसरली असंल, दोन दिसांत वळखंल. दोन दिवस झाले, चार झाले. त्या आधी बसायच्या, रिकामी चरवी घेऊन उठायच्या, मग मी बसायचे. मी बसले की मैना लगेच पान्हा सोडायची. मला तेव्हा त्या जनावराचा इतका राग यायचा की बोटं जास्तच आवळली जायची.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. हात पुढं केला.

"मैनाचं लुगडं दे."

मी खुंटीवरून काढून दिलं. त्यांचंच ते, हिरवट, चौकड्याचं. पण त्या सगळ्या दिवसांत रोज दोन्ही वेळा मी ते नेसले होते. एक कोपरा फाटला होता तो माझ्या टाक्यांनी शिवलेला. त्यांनी ते नाकाशी नेलं. शिकेकाईचा, माझ्या डोक्याच्या तेलाचा वास येत असणार. त्या नेसल्या, कासोटा घातला, एका झटक्यात, मला जो महिनाभर जमला नव्हता. पदर माझ्यासारखा खोचला. मी कसा खोचते हे त्यांनी कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे.

"आता तू भितीमागं हुबी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "आन बोल तिच्याशी."

मी भिंतीमागं गेले. जिथं त्या उभ्या राहायच्या तिथंच. मग आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मी बोलायला लागले. व्हय गं बया. हाय मी हितंच. कुठं जातिया मी. सगळे शब्द त्यांचे होते, सूरही त्यांचा. त्या स्वतः मात्र आत एक शब्द बोलत नव्हत्या. थोड्या वेळानं पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली, मग दुसरी, मग फेस चढत गेला तसा आवाज मऊ झाला. मी बोलायची थांबले नाही, थांबले तर काही बिघडेल अशी भीती वाटत होती.

त्या बाहेर आल्या तेव्हा चरवी काठोकाठ होती. मी म्हटलं, बघा आत्याबाई, ओळखलं की तिनं. सोडला की पान्हा.

"सोडला," त्या म्हणाल्या. "पर तुला सोडला गं. मला न्हाय."

चरवी माझ्या हातात दिली आणि सरळ पावलं टाकत त्या लुगडं सोडायला आत गेल्या.